जंगलाकडे पाठ न करता

त्रिकोणाच्या तिन्ही बाह्यकोनांची बेरीज तीनशे साठ अंश येते, हे मी इतकी वर्षं शिकवत आलेय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. वडशाला शिकवलं, सिंदेवाहीला शिकवलं, सगळीकडे तेवढीच आली. या गावात मात्र एका मुलीची बेरीज शून्य आली आणि तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला, तो अजून गेलेला नाही.

गाव सिंदेवाहीपासून फार लांब नाही, पण रस्ता जंगलातून जातो. मी रोज स्कूटीने येते-जाते. शाळा सातवीपर्यंतच. मागची कंपाउंडची भिंत एका पावसाळ्यात बसली ती बसलीच, पुन्हा कोणी उभी केली नाही. त्या पडक्या भिंतीपलीकडे धानाच्या दोन-चार बांध्या आणि बांध्या संपल्या की लगेच साग, मोह, बांबू. सातवीच्या वर्गाची खिडकी त्याच बाजूला उघडते.

मी स्वतः वडशाची. धानगिरण्या, रेल्वेचं फाटक आणि हिवाळा लागला की जिकडेतिकडे नाटकाच्या तालमी, अशा गोंगाटात वाढले. त्यामुळे आवाज मोठा आणि पारा चढायला वेळ लागत नाही. वर्गात मी पुस्तकी मराठी बोलते, पण राग आला की ती गळून पडते आणि आतली बोली बाहेर येते. पोरांना हे आठवड्याभरात कळतं. म्याडमच्या तोंडून ‘का’च्या जागी ‘काऊन’ निघालं की वर्ग चिडीचूप.

त्या वर्षी जूनमध्ये मी इथे बदलून आले तेव्हा सातवीत मोजकीच पोरं होती. त्यातली एक मुलगी मला पहिल्याच दिवशी खुपली. खिडकीजवळची जागा ती कोणाला देत नसे आणि तिथे बसायची तीही तिरकी, अर्धं तोंड फळ्याकडे, अर्धं बाहेर. मी तिला मुद्दाम मध्येच उठवून प्रश्न विचारायची. उत्तर बरोबर यायचं. बाहेर बघत बसणाऱ्या पोरीचं उत्तर बरोबर आलं की रागवायला जागा राहत नाही आणि त्याचाच जास्त राग येतो. शेवटी एक दिवस मी तिला उठवून भिंतीकडच्या बाकावर बसवलं. ती दप्तर उचलून तिथे जाऊन बसली. पण त्या तासाला तिने मान एवढी वळवून ठेवली की मलाच बघवेना.

मधल्या सुट्टीत, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. हातातला झारा खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “तिले खिडकीपाशी बसू द्या म्याडम. तिची माय जनावरानं नेली.”

जनावर म्हणजे वाघ. या गावात त्याचं नाव घेत नाहीत.

मग बाईंनी सगळं सांगितलं. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती वाकून वेचावी लागतात. वाकलेला माणूस त्या जनावराला माणूस वाटत नाही, असं इथे म्हणतात. म्हणून या गावात जंगलाच्या कडेला कोणी एकटं वाकत नाही. एकजण वाकतो आणि दुसरा जंगलाकडे तोंड करून उभा राहतो. मोह वेचताना, पावसाळ्यात धानाची लावणी म्हणजे रोवणा करताना, धान कापताना, अगदी सरपण गोळा करतानासुद्धा. त्या उभं राहण्याला राखण म्हणतात. तिची आई वेचायची आणि ही राखणीला उभी राहायची. गेल्या हंगामात सहावीची गणिताची परीक्षा आली. शाळा सकाळची, मोहही सकाळचाच. ही म्हणाली मी पेपर बुडवते, तर आईने ऐकलं नाही. एका दिवसानं काय होते, म्हणाली, तू जा. आणि स्वतः एकटीच त्यांच्या वावराच्या धुऱ्यावरल्या, म्हणजे बांधावरल्या, मोहाखाली गेली.

“त्या खिडकीतून दिसते तो मोह,” बाई म्हणाल्या आणि पुन्हा झारा हातात घेतला.

पेपर लिहिताना तिला काही दिसलं होतं का, हे मी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा खिडकीजवळ बसवलं आणि त्यानंतर कधी उठवलं नाही.

कोनांचा धडा दिवाळीनंतर आला. आतले कोन शिकवायला मला आवडतात. प्रत्येकाने कागदाचा त्रिकोण कापायचा, कसाही, उभट, पसरट, वाकडा. मग त्याचे तिन्ही कोपरे फाडायचे आणि टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवायचे. कसलाही त्रिकोण असो, ते तीन तुकडे सरळ रेषेवर नीट बसतात. एकशे ऐंशी अंश. पोरांना ती जादू वाटते. एकाने मुद्दाम इतका चपटा त्रिकोण कापला की मलाच धाकधूक वाटली, पण तोही बसला. सगळे हसले, तीही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण बाह्यकोन आला की गाडी अडते. बाजू पुढे वाढवायची, ती वाढवलेली बाजू आणि दुसरी बाजू यांच्यातला कोन तो बाह्यकोन, आणि त्याचं माप दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतकं. ‘दूरस्थ’ हा शब्द उच्चारला की पोरांचे चेहरे कोरे होतात. कोपऱ्यापासून लांबचे दोन, एवढंच, पण ते सगळं डोक्यावरून जातं. अशा वेळी मी पोरांना मैदानात काढते. फक्कीने मोठा त्रिकोण आखायचा आणि त्याच्या कडेने चालायचं. सरळ चालत कोपऱ्याशी आलात, आता पुढच्या बाजूला वळायचं. जेवढे वळलात तेवढा तिथला बाह्यकोन. तीन कोपऱ्यांवर तीन वळणं घेतली की तोंड पुन्हा सुरुवातीच्या दिशेला येतं. म्हणजे तुम्ही एकदा पूर्ण गरकन फिरलात. तीनशे साठ. हे एकदा पायांनी केलं की पाठ करावं लागत नाही.

त्या दिवशी शाळेच्या पुढच्या पटांगणात गावकऱ्यांनी धान वाळत घातलं होतं. ते हलवा म्हणायची सोय नाही, हंगामात पटांगण गावाचंच असतं. म्हणून मी त्रिकोण मागे आखला, पडक्या भिंतीच्या आत. एक बाजू भिंतीला लागून आली.

पहिला पोरगा निघाला. छातीशी पट्टी धरलेली, पट्टीचं टोक म्हणजे नाक, ते जिकडे तिकडे तोंड. भिंतीकडच्या कोपऱ्यावर पोचला आणि पूर्ण वळलाच नाही. पट्टी जंगलाकडे तशीच ठेवून आडवा आडवा चालायला लागला. मी म्हटलं, नाकासमोर चाल. तो हो म्हणाला आणि तसाच आडवा गेला. दुसरा आला, तोही तसाच. तिसरी तर भिंतीपासून परत येताना चार-सहा पावलं उलटी चालली आणि मग वळली. लाकडी कोनमापक घेऊन बसलेली दोन पोरं माझ्याकडे बघायला लागली, कारण बेरीज कोणाची कितीही येत होती. मला वाटलं, ठरवून चाललंय. नवी म्याडम आहे, चला गंमत करू.

मग ती आली. भिंतीकडे सरळ गेली, भिंतीच्या कडेने आडवी चालली आणि परतीची बाजू पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत उलटी चालली. पट्टी पूर्ण वेळ जंगलाकडे. जेवढी डावीकडे वळली तेवढीच पुन्हा उजवीकडे. कोनमापकवाल्याने मोठ्याने सांगितलं, “म्याडम, हिची बेरीज शून्य.”

माझी पुस्तकी मराठी तिथेच संपली. मी म्हटलं, काऊन तमाशा करून राह्यले तुमी सारे? मी इथी चुना उधळून राह्यली आणि तुमाले मस्करी सुचते?

कोणी हसलं नाही. माझ्या आवाजाला सरावलेली पोरं खाली बघत उभी होती. शेवटी तीच म्हणाली, “म्याडम, जंगलाकडे पाठ नाई करत.”

तिने ते असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की चपला घालून देवळात जात नाहीत. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना हलल्या. ते मला चिडवत नव्हते. त्यांच्यातल्या कोणाला आपण आडवं चाललो हे कळलंही नव्हतं. जंगलाच्या कडेने जाताना तोंड तिकडे ठेवायचं आणि कड सोडताना काही पावलं उलटं यायचं, हे त्यांच्या पायांत चालायला शिकल्यापासून होतं.  मी फक्कीचा डबा उचलला आणि सगळ्यांना वर्गात नेलं.

दोन दिवसांनी पुढचं धान उचललं गेलं. मी त्रिकोण पुढे आखला, रस्त्याच्या बाजूला, मध्ये शाळेची इमारत. तिथे सगळे नीट चालले. सगळ्यांची बेरीज तीनशे साठच्या आसपास आली आणि माझा जीव भांड्यात पडला. तिचीही आली. पण ती त्रिकोणातच उभी राहिली, पट्टी छातीशी तशीच, आणि तिने विचारलं, “म्हंजे पूर्ण फिरलं का एक वेळ तरी तिकडे पाठ होतेच न म्याडम?”

मला त्या प्रश्नाचा केवढा आनंद झाला. शिक्षकाला असा प्रश्न वर्षातून एकदाही मिळत नाही. मी तिला शाबासकी दिली. सगळ्यांना सांगितलं की बघा, ही काय म्हणते, पूर्ण फेरीत प्रत्येक दिशेला एकदा तोंड होतं आणि प्रत्येक दिशेला एकदा पाठ होते, त्यातून सुटका नाही, त्रिकोण कसाही असो. ती मान हलवत ऐकत होती. मग तिने हळूच पट्टी खाली केली आणि जाऊन रांगेत उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

आधी मला वाटलं ताप असेल. मग खिडकीतून पाहिलं तर ती समोरच होती. त्यांच्या बांधीत कापणी सुरू झाली होती. बाप वाकून धान कापत होता आणि ती धुऱ्यावर उभी होती, हातात टिनाचा डबा आणि काठी. शाळा सुटल्यावर मी तशीच पडक्या भिंतीवरून पलीकडे गेले. साडीला कुसळं चिकटत होती आणि राग तर डोक्यात मावत नव्हता. तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि शाळेत काऊन नाई येत म्हणून विचारलं. तिने तोंड वळवलं नाही. बाबा कापून राह्यले, म्हणाली. मी म्हटलं, माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघ.

“नाई पाहता येत म्याडम,” ती जंगलाकडे बघतच म्हणाली. “तुमीच सांगितलं न. एकटा माणूस फिरला का एक वेळ तरी पाठ होतेच. म्हून दोघं लागते.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी काहीतरी सांगायला गेले, त्रिकोणाला पाठ नसते बाई, तो कागदावरचा त्रिकोण आहे. ती म्हणाली, पण चालणाऱ्याले असते.   गणितात ती बरोबर होती आणि वावरातही बरोबर होती.

बाप विळा खाली ठेवून माझ्याकडे आला. मी त्याच्याशी भांडायच्या तयारीने गेले होते. पोरीला शाळेतून काढून राखणीला लावणारा बाप, असं मी चालता चालता मनात रचून ठेवलं होतं. पण तो म्हणाला, “मी तं रोज म्हून राह्यलो तिले, जा म्हून शाळेत. ऐकत नाई. तिच्या मायनं धाडलं होतं तिले शाळेत. आता मी धाडलं तं...” त्याने विळा उचलला आणि पुन्हा वाकला. मी म्हटलं, येते भाऊ. त्याने मान हलवली.

कापणी, मळणी आटोपल्यावर ती परत आली. हिवाळा नाटकांचा. शेजारच्या गावात नाटक असलं की दिवसा धुऱ्यावर जायला घाबरणारं अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीने बसून गात-ओरडत रातोरात जंगल ओलांडून जाई आणि सकाळी अर्धा वर्ग बाकावर पेंगत असे. मी ओरडायची आणि मनातून खूश व्हायची, कारण वडशाच्या बाईला नाटकाचं वेड कळतं. ती आणि तिचा बाप मात्र नाटकाला जात नसत.

मग मार्च आला, शाळा सकाळची झाली आणि मोह गळायला लागला. पोरं उशिरा यायची, त्यांच्या कपड्यांना तो गोड वास असायचा. तिच्या बापाने मात्र आपल्या धुऱ्यावरचा मोह त्या वर्षी वेचला नाही. फुलं तशीच पडून सडत राहिली. ती खायला चितळ यायचे आणि जिथे चितळ तिथे मागे कोण येतं हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खिडकीतून वास आत यायचा. ती तिच्या जागेवर बसून उदाहरणं सोडवायची. एकदा मी खिडकी लावायला गेले तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी खिडकी उघडी ठेवली.

सातवीत ती पहिली आली. आता पुढे काय, हा प्रश्न होता. आठवीची शाळा दोन गावं पलीकडे, वाट जंगलातली, एकट्या मुलीला पाठवायला कोणी तयार नव्हतं. मी सिंदेवाहीच्या मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी जागा बोलून ठेवली. राहणं, जेवण, शाळा सगळं तिथेच. बाप लगेच तयार झाला. तिनेच मान वर न करता नाही म्हटलं.

आम्ही तिच्या घरी ओसरीवर तिला समजावायला बसलो, मी, तिचा बाप आणि खिचडीवाल्या बाई. बाप म्हणाला मी आपला सांभाळून करीन. ती म्हणाली, कोण उभं राहीन? बाईंनी सांगितलं की दुपारी खिचडीचं आटोपलं की मी जात जाईन. तिने विचारलं, आणि सुट्टीच्या दिवशी? ते बाईंना जमणार नव्हतं, कारण त्यांचंही वावर जंगलाच्याच कडेला आणि सुट्टीच्या दिवशी तिथे त्या हव्या असत. रोवणा सगळ्यांचा एकाच वेळी येतो, गावात कोणाकडे जास्तीचा माणूस नसतो. एक आत्या होती, पण ती भामरागडकडे दिलेली, पावसाळ्यात तिकडचा रस्ताच बंद. सगळ्या वाटा संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमी उभ्या राहाल काय?”

रागाच्या भरात माणूस भांडतो. मी हो म्हणून बसले. “राहीन,” मी म्हटलं. “दर रविवारी येऊन राहीन. झालं आता?”

बाप जागचा उठला आणि नको नको म्हणायला लागला. ती मात्र उठून आत गेली आणि टिनाचा डबा घेऊन आली. तिने मला धुऱ्यावर नेलं आणि कसं उभं राहायचं ते दाखवलं. बसायचं नाही. झाडांच्या शेंड्याकडे बघायचं नाही, खाली गवताच्या रेषेकडे बघायचं. वानरं ओरडली की डबा वाजवायचा. शेवटी म्हणाली, बाबाकडे पाहायचं नाही, काहीही झालं तरी. मी हसून म्हटलं, बरं बाई. ती हसली नाही.

ती वसतिगृहात गेली. जुलैत रोवणा लागला आणि मी दिलेला शब्द माझ्या गळ्यात आला. घरी नवरा म्हणाला, तुला चष्म्याशिवाय रस्त्यावरचा बैल दिसत नाही, तू काय राखण करणार? त्याचं खरं होतं. तरी मी रविवारी रेनकोट घालून, स्कूटी शाळेत लावून त्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. शेजारच्या बांध्यांत बाया रोवत होत्या. प्रत्येक बांधीच्या धुऱ्यावर एकजण जंगलाकडे तोंड करून उभा होता. त्या रांगेत मी एकटीच चष्मेवाली.

मला फार भीती वाटली, हे सांगायला लाज वाटत नाही. समोर हिरवं, ओलं, एकसारखं जंगल आणि त्यात काहीही नाही. काहीही नाही, हेच सहन होत नाही. आणि पाठीमागे तो माणूस. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी सोडल्याचा आवाज, चिखलात बोटं रुतल्याचा आवाज, पाय उपसल्याचा आवाज. तो जिवंत आहे हे मला फक्त त्या आवाजावरून कळत होतं. पाठ सरळ करायला तो थांबला की आवाज थांबायचा आणि मी वाजवायला डबा वर उचलायची. हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असावं. त्यानंतर तो थांबला की मुद्दाम खोकायचा. खोकला आला की मी श्वास सोडायची.

एका रविवारी आवाज थांबला आणि खोकला आला नाही.

मी वाट पाहिली. पाऊस भुरभुरत होता, शेजारच्या बांधीतल्या बायांचं बोलणंही नेमकं तेव्हाच थांबलेलं. माझ्या मानेच्या शिरा दुखायला लागल्या. वळावं की नाही? वळले तर जंगलाकडे पाठ होते. नाही वळले आणि मागे काही झालं असेल तर? मी मनात त्या पोरीला शिव्या दिल्या, तिच्या प्रश्नाला दिल्या, मी दिलेल्या शाबासकीला दिल्या. पण वळले नाही. गवताच्या रेषेकडे बघत उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चष्मा धुरकट झाला होता.

मग तो खोकला. संध्याकाळी हात धुताना म्हणाला, “माफ करा म्याडम. ध्यान तिकडं गेलं.” तिकडं म्हणजे मोहाकडे.

आता पुन्हा कापणी आली आहे. रविवारी मी उभी राहते. इतर दिवशी दुपारनंतर बाई जातात. उरते ती सकाळ. तेव्हा मी वर्गात असते आणि जमेल तसं खिडकीतून बघते. खिडकीजवळची तिची जागा या वर्षी मी कोणाला दिलेली नाही.

रविवारी संध्याकाळी वसतिगृहातून तिचा फोन येतो. जेवण कसं आहे, मैत्रिणी झाल्या का, गणित कसं चाललंय, मी विचारत जाते, ती हो-नाही करते. मग तिची पाळी. आज उभ्या होत्या न? तोंड कोणीकडे होतं? बाबाकडे पाहिलं तं नाई? मी एखाद्या विद्यार्थ्यासारखी उत्तरं देते. बापाची तब्येत ती विचारत नाही. सगळं बरोबर केलं असेल तर तो बराच असणार, असा तिचा हिशोब असावा.

गेल्या रविवारी तिने आणखी एक विचारलं. सकाळी कोण असते? मी म्हटलं, मी असते, खिडकीतून बघते, तुझ्याच जागेवरून.  त्या वर्गात ती वर्षभर बसली होती, फळा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आहे हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

“आणि फळ्यावर लिहिता तवा?”

मी म्हटलं, फळ्यावर आता पोरंच लिहितात.

तोवर ते खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीला बाह्यकोन होते. मी खडू एका पोरीच्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर तो वाकून धान कापत होता. मी गवताच्या रेषेकडे बघत तोंडाने सांगत गेले, बाजू पुढे वाढवा, कोन लिहा, आता तिन्हींची बेरीज करा. मागून खडूचा आवाज येत होता. बेरीज बरोबर आली का, ते मी वळून पाहिलं नाही.